पेपरात 'निर्णयकर्ता' आहे, माणूस कुठे आहे?

बहुउद्दिष्ट ऑप्टिमायझेशनवरचा, त्यातही इंटरॅक्टिव्ह म्हणजे संवादी पद्धतींवरचा, कुठलाही पेपर उघडा. पहिल्या पानावर तुम्हाला एक व्यक्ती भेटेलच. तिचं नाव 'निर्णयकर्ता'. सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे, शेवटचा शब्द तिचा आहे, असं प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. निकालांच्या भागात पोहोचेपर्यंत मात्र ती गायब होते आणि तिच्या खुर्चीत एक सूत्र येऊन बसतं. आजची पोस्ट या गायब होण्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागले असतील. हा विषय निवडायचा विचार असेल तर आत शिरण्याआधी हे वाचून ठेवा.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. समजा, तुम्ही विद्यापीठाजवळ खोली शोधताय. दोनच गोष्टी बघायच्या आहेत: अंतर कमी हवं आणि भाडं कमी हवं. तीन खोल्या मिळाल्या. पहिली २ किलोमीटरवर, भाडं १० हजार. दुसरी ६ किलोमीटरवर, भाडं ७ हजार. तिसरी थेट १० किलोमीटरवरच्या गावात, भाडं २ हजार. यातली कुठलीच खोली दुसरीपेक्षा दोन्ही बाबतींत सरस नाही. एकीकडे कमवायचं तर दुसरीकडे गमवावं लागतं. अशा उत्तरांना परेटो उत्तरं म्हणतात, इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो परेटोच्या नावावरून. गणिताचं काम खरं तर इथे संपतं. तिन्हींतली कोणती घ्यायची ते तुमच्या खिशावर आणि तुमच्या सायकलवर अवलंबून आहे.

पहिला मोह होतो तो वजनं देण्याचा. अंतराला इतकं महत्त्व, भाड्याला तितकं, दोन्हींची बेरीज करा आणि जिची बेरीज सगळ्यात कमी ती खोली घ्या. एकदा कागदावर करून बघाच. भाडं हजारांत मोजा, अंतराचं वजन 'क' धरा आणि भाड्याचं '१ वजा क'. दुसरी खोली पहिलीवर मात करते ती 'क' ३/७ पेक्षा लहान असेल तरच. तिसरीवर मात करते ती 'क' ५/९ पेक्षा मोठा असेल तरच. ३/७ पेक्षा लहान आणि ५/९ पेक्षा मोठी अशी संख्या नाही. म्हणजे तुम्ही काहीही वजनं द्या, मधली खोली कधीच निवडली जाणार नाही. आणि खोली शोधायला निघालेल्या दहा जणांना विचारलंत, तर बरेच जण नेमकी मधलीच घेतील! ही खोट जुनी आहे, १९९७ साली दास आणि डेनिस यांनी त्यावर नीट पेपर लिहिलाय, तरी वजनांची बेरीज सिनॉप्सिसमधून हटत नाही. परीक्षकाला पहिला आक्षेप आयता द्यायचा असेल तर खुशाल वापरा.

दुसरा रस्ता म्हणजे आधी सगळी परेटो उत्तरं काढायची आणि ढीग माणसापुढे ठेवायचा. उत्क्रांतीवर आधारलेले अल्गोरिदम हेच करतात. त्यातला सगळ्यात गाजलेला एनएसजीए-२ आपल्याच देशातला. कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आयआयटी कानपूरमध्ये घडवला, पेपर २००२चा. दोन उद्दिष्टं असतील तर हे फार छान चालतं, वक्र काढा आणि त्यावर बोट ठेवा. पण प्रत्येक उद्दिष्टाच्या अक्षावर फक्त १० पायऱ्या धरल्या तरी तीन उद्दिष्टांना साधारण १०० उत्तरं लागतात आणि पाच उद्दिष्टांना १०,०००. दहा हजार पर्यायांतून निवडा असं माणसाला सांगणं म्हणजे निवड करून न देण्यासारखंच आहे.

म्हणून तिसरा रस्ता निघाला, संवादाचा. संगणक एक उत्तर दाखवतो. माणूस म्हणतो, भाडं ठीक आहे, अंतर जरा कमी कर. संगणक नवं उत्तर काढतो, माणूस पुन्हा बोलतो. असं चार-सहा फेऱ्यांत समाधान होईपर्यंत. प्रत्येक फेरीत एकच गणित सोडवायचं, त्यामुळे हिशेबही हलका. आणि मोठा दावा असा की या फेऱ्यांमध्ये माणूस शिकतो. काय शक्य आहे, कशाच्या बदल्यात काय जातं, आणि आपल्याला नक्की काय हवंय, हे त्याला वाटेत कळत जातं. मला हा दावा मनापासून पटतो. माझी तक्रार एवढीच आहे की तो तपासलेला फार क्वचित दिसतो.

या पद्धतींचा जन्म सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. १९७१ साली बेनायून, द माँगॉल्फिए, तेर्नी आणि लारिचेव यांची 'स्टेम' पद्धत आली. १९७२ साली जॉफ्रियन, डायर आणि फाइनबर्ग यांची आली. दुसऱ्या पद्धतीचं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. यूसीएलए विद्यापीठातल्या एका विभागाचं कामकाज त्यांनी घेतलं होतं: किती वर्ग चालवायचे, शिक्षकांचा किती वेळ विभागाच्या कामाला आणि किती संशोधनाला द्यायचा, वगैरे. निदान तिथे निर्णय खरा होता. पण निर्णय घेणाऱ्याला विचारायचा प्रश्न बघा: तुम्ही आत्ता जिथे आहात तिथून, या उद्दिष्टातल्या एका एककाच्या बदल्यात त्या उद्दिष्टातली किती एककं सोडाल? तुमच्या खोलीपुरतं बोलायचं तर, ६ किलोमीटरवर राहत असताना १ किलोमीटर जवळ येण्यासाठी महिन्याला नेमके किती रुपये जास्त द्याल? सातशे? नऊशे? आणि आज जे सांगाल तेच पुढच्या सोमवारी सांगाल?

पद्धतीचं गणित सुरेख आहे, त्यात वाद नाही. हा विनिमयाचा दर माणसाने प्रत्येक फेरीत अचूक सांगितला तर ती त्याच्या सर्वोत्तम उत्तराकडे जाते असं सिद्ध होतं. सगळं ओझं त्या 'तर'वर आहे.

हे ओझं पेलतं का, हे बघण्याचा प्रयत्न लवकरच झाला होता, आणि हा भाग तुम्ही विसरू नये असं मला वाटतं. १९७५ साली फिनलंडच्या योर्की वॉलेनियस यांनी व्यवस्थापनाचे विद्यार्थी आणि उद्योगातले मॅनेजर बसवून तीन पद्धती ताडून बघितल्या. एक 'स्टेम', एक जॉफ्रियन आणि मंडळींची, आणि तिसरी अशी की जिच्यात फारशी रचनाच नव्हती. माणसाने आपलं आपण चाचपडत पुढे जायचं. ही चाचपडण्याची पद्धत बाकी दोघींपुढे अजिबात फिकी पडली नाही. विनिमयाचे दर सांगणं लोकांना जड गेलं. पन्नास वर्षांपूर्वीच हातात आलेला हा निकाल विषयाला मुळापासून हलवायला पुरेसा होता. काही जण हललेही. 'स्टेम'च्या चौघांतले लारिचेव पुढे १९९२मध्ये याच प्रश्नाकडे आले: माणसाला कुठली मानसिक क्रिया भरवशाने करता येते आणि कुठली येत नाही, हे आधी बघा आणि मग पद्धत बांधा. पण बहुसंख्य पेपर पुढच्या अल्गोरिदमकडे वळले. ते स्वाभाविकही आहे म्हणा. अल्गोरिदम रात्रभर चालवता येतो, मॅनेजरला तासभर बसवायचं तर आधी अपॉइंटमेंट लागते.

प्रश्न सोपा करण्याच्या बाबतीत मात्र खरी प्रगती झाली. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग इथे आयआयएएसए ही संस्था आहे. तिथे काम केलेल्या पोलंडच्या आंद्रेय विएर्झबिक्की यांनी १९८०च्या सुमारास संदर्भबिंदूची कल्पना मांडली. माणसाला दर विचारायचेच नाहीत. 'तुम्हाला काय मिळालं तर बरं वाटेल?' एवढंच विचारायचं. समजा, तुम्ही म्हणालात ५ किलोमीटर आणि ६ हजार. असली खोली नाही. मग प्रत्येक खोली या अपेक्षेपेक्षा जिथे सगळ्यात जास्त कमी पडते, ती तूट मोजायची. पहिली भाड्यात ४ने कमी पडते. तिसरी अंतरात ५ने. दुसरी दोन्हीकडे फक्त १ने. म्हणून दुसरी. वजनांना जी खोली कधीच सापडली नसती ती इथे पहिल्या फटक्यात सापडली. खऱ्या सूत्रात उद्दिष्टांची मापं एकसारखी करून घेतात आणि एक बारीकशी भर असते, पण गाभा हाच.

पुढे फिनलंडमध्ये कैसा मिएट्टिनेन आणि मार्को मॅकेला यांची 'निंबस' पद्धत आली. तिच्यात तुम्ही दाखवलेल्या उत्तराकडे बघून उद्दिष्टांची वर्गवारी करता: हे सुधारायलाच हवं, हे अमुक पातळीपर्यंत सुधारलं तरी चालेल, हे आहे तसं राहू दे, हे इतपत बिघडलं तरी हरकत नाही, आणि याचं काहीही होऊ दे. बाजारात भाव करताना आपण जवळजवळ हेच बोलतो. भाषेच्या दृष्टीने मला ही पद्धत सगळ्यांत माणसाळलेली वाटते.

आता मुख्य मुद्दा. या विषयात दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात. एक, माणसाच्या मनात एक मूल्य-फलन दडलेलं आहे आणि आमची पद्धत त्याच्या शिखराकडे घेऊन जाते. दोन, या प्रवासात माणूस शिकतो आणि त्याची आवड घडत जाते. या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात. आवड वाटेत बदलत असेल तर शिखर कुठलं? पहिल्या फेरीतलं की सहाव्या? आणि आवड बदलतच नसेल तर शिकला काय? २००८ साली ब्रांके, देब, मिएट्टिनेन आणि स्लोविन्स्की यांनी संपादित केलेल्या ग्रंथात संवादाचे दोन टप्पे मांडलेत, आधी शिकण्याचा आणि मग निर्णयाचा. त्याने भांडण थोडं मिटतं, पण एक टप्पा संपून दुसरा कधी सुरू झाला हे ओळखायचं कसं, हा प्रश्न उरतो.

पेपरांमध्ये प्रत्यक्षात काय होतं बघा. संशोधक एक मूल्य-फलन स्वतः लिहितो, त्याला 'कृत्रिम निर्णयकर्ता' म्हणतो, आणि पद्धतीच्या प्रत्येक प्रश्नाला त्या सूत्राकडून उत्तर घेतो. सूत्र थकत नाही, विसरत नाही, मत बदलत नाही. पाच फेऱ्यांत पद्धत शिखराजवळ पोहोचते, तक्ता छापला जातो. तपासला गेला पहिला दावा. निष्कर्षात लिहिला जातो दुसरा, की निर्णयकर्त्याला प्रश्नाची जाण येते. आडात नव्हतं ते पोहऱ्यात आलं कुठून?

कृत्रिम निर्णयकर्ता टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. चार पद्धती हजार वेळा चालवून बघायच्या असतील तर हजार माणसं आणणार कुठून? आणि अलीकडे असे निर्णयकर्तेही बनवले जातात जे आधी इकडेतिकडे शोध घेतात आणि मग एका भागावर स्थिरावतात. पद्धतीत ढोबळ दोष आहे का, हे पकडायला ते उपयोगी आहेत. गाडी रस्त्यावर आणण्याआधी स्टँडवर इंजिन फिरवून बघतात तसं. पण स्टँडवरचा ॲव्हरेज जाहिरातीत छापू नये.

आणि ज्या प्रश्नांवर चाचणी होते ते प्रश्न? सगळ्यात लोकप्रिय आहेत डीटीएलझेड मालिकेतले, देब, थिले, लाउमान्स आणि झिट्झलर यांचे. अल्गोरिदमची ताकद जोखायला उत्तम. पण त्यातल्या उद्दिष्टांना नावं नाहीत, पहिलं, दुसरं, तिसरं एवढंच. आता मला सांगा, 'पहिलं उद्दिष्ट ०.३ हवं की ०.५?' याला कुठल्या माणसाला काही वाटणार आहे? ज्या प्रश्नात कुणालाही काहीही हवं असू शकत नाही, त्यावर आवडीनिवडीची पद्धत तपासली जाते. दुसरं नेहमीचं उदाहरण नदीच्या प्रदूषणाचं, नरूला आणि वाइस्ट्रोफर यांचं १९८९चं. एक मासे प्रक्रियेचा कारखाना, एक शहर, दोघांचं सांडपाणी किती शुद्ध करायचं हे ठरवायचं. उद्दिष्टं चार: शहराजवळचं पाणी, खाली हद्दीवरचं पाणी, कारखान्याचा नफा आणि शहरावर वाढणारा कर. हे निदान समजतं तरी. पण नगराध्यक्षाच्या खुर्चीत बहुतेक वेळा संशोधक किंवा त्याचा विद्यार्थी बसलेला असतो, आणि त्याच्या खिशातून कर जात नाही.

मग खरा माणूस बसलेला बघायचा तर कुठे? मी तुम्हाला रेडिओथेरपीकडे पाठवेन. गाठीला पुरेसा किरणोत्सर्ग मिळाला पाहिजे, पण शेजारची लाळग्रंथी आणि मज्जारज्जू वाचले पाहिजेत. जुनी रीत अशी की प्लॅनरने वजनं टाकायची, गणित चालवायचं, डॉक्टरला दाखवायचं, नाही आवडलं की पुन्हा वजनं. २००८ साली मोन्झ, क्युफर, बोर्टफेल्ड आणि थिके यांनी 'परेटो नॅव्हिगेशन' मांडलं. चांगल्या योजनांचा एक संच आधीच काढून ठेवायचा आणि डॉक्टरच्या हातात स्लायडर द्यायचे. लाळग्रंथीचा स्लायडर सरकवला की बाकीचे स्लायडर त्याच क्षणी हलताना दिसतात. एखादा हलू द्यायचा नसेल तर तिथे कुलूप लावायचं. २०१२ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून याच धर्तीच्या व्यवस्थेचा एक अभ्यास आला. रुग्ण फक्त १०, पण प्लॅनरचा सरासरी वेळ १३५ मिनिटांवरून १२ मिनिटांवर आला. डॉक्टरचा वेळ मात्र थोडा वाढला.

मला ते शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं वाटतं. डॉक्टरचा वेळ वाढला, कारण निर्णय पुन्हा त्याच्याकडे आला. आधी तो प्लॅनरच्या वजनांमध्ये विरघळून गेला होता. असला निकाल कुठल्याही कृत्रिम निर्णयकर्त्याकडून मिळाला नसता, कारण सूत्राचा वेळ कुणी मोजत नाही. दहा रुग्णांवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही हे खरं, पण मोजायची ती गोष्ट मोजली आहे.

थांबण्याचा मुद्दाही असाच दुर्लक्षित. विएर्झबिक्कींच्या वाटेने गेलेल्या पद्धतींमध्ये गणिती अभिसरणाची अट सैल होते. माणूस समाधानी झाला की संपलं, याला 'मानसिक अभिसरण' म्हणतात. ठीक आहे. पण माणूस समाधानी झाला की कंटाळला? सातव्या फेरीत 'हे मान्य' या बटणावर पडलेलं बोट 'भीक नको पण कुत्रं आवर' म्हणत पडलेलं असू शकतं. नोंदीत दोन्ही सारखीच दिसतात.

शिवाय सुरुवात कुठून केली यावर शेवट ठरू शकतो. टव्हर्स्की आणि कानेमान यांनी १९७४ साली दाखवलेला नांगराचा परिणाम इथेही आढळतो. १९९७ साली ब्युकॅनन आणि कॉर्नर यांनी संवादी पद्धतींवरच तो तपासला. जी पद्धत माणसाला बोट धरून नेते तिच्यात लोक सुरुवातीच्या उत्तराजवळ अडकले, मोकळ्या शोधात तसं दिसलं नाही. वॉलेनियसची चाचपडणारी पद्धत आठवली ना? मलाही आठवली.

यावर उपाय म्हणून २०१०मध्ये मिएट्टिनेन, एस्केलिनेन, रुइझ आणि लूके यांची 'नॉटिलस' आली. तर्क चलाख आहे. माणसाला नुकसान फायद्यापेक्षा जास्त बोचतं, हे कानेमान-टव्हर्स्कींचंच सांगणं. मग एका परेटो उत्तरावरून दुसऱ्यावर नेताना दर वेळी काहीतरी गमवायला का लावायचं? सगळ्यात वाईट बिंदूपासून सुरुवात करा. प्रत्येक पावलागणिक सगळीच उद्दिष्टं सुधारतील. माणूस खूश, अडकून पडण्याचं कारणच नाही.

इथे माझा आक्षेप आहे, आणि तुम्ही तो तपासून बघावा. तडजोड नाहीशी झालेली नाही, नजरेआड गेली आहे. प्रत्येक पावलाला काही उत्तरं आवाक्याबाहेर जातात. पद्धत प्रामाणिक आहे, अजून कुठपर्यंत पोहोचता येईल ते आकडे ती पडद्यावर दाखवते आणि मागे फिरायची सोयही देते. पण सगळं वाढताना दिसत असेल तर मागे फिरावंसं वाटेल का? नुकसानीची बोच काढून घेतली, की त्या बोचीतून येणारी माहितीही गेली असं मला वाटतं. डॉक्टरला लाळग्रंथीचा स्लायडर खाली जाताना बोचायलाच हवा. हा माझा कयास आहे, आणि तो माणसं बसवूनच खरा-खोटा करता येईल.

आणि तशी कामं आता होऊ लागली आहेत. २०२१ साली अफसार, मिएट्टिनेन आणि रुइझ यांनी संवादी पद्धतींचं मूल्यमापन कसकसं झालंय याचा मोठा आढावा घेतला. लिटरेचर रिव्ह्यूची सुरुवात तिथून करा. युवास्कुला विद्यापीठाच्या या गटाने माणसांबरोबरच्या प्रयोगांसाठी प्रश्नावल्याही आखल्या आहेत. त्यांचीच 'डेस्डिओ' ही पायथनमधली मुक्त चौकट आहे, तिच्यात यातल्या अनेक पद्धती तयार मिळतात. तेव्हा 'नवी पद्धत सुचवणे' हे उद्दिष्ट क्रमांक एक म्हणून लिहिण्याआधी थोडं थांबा. तयार पद्धत घ्या आणि एक माणूस शोधा. तुमच्या विभागाचं वेळापत्रक लावणारे सर चालतील, मेसची खरेदी बघणाऱ्या ताई चालतील. प्रश्न त्यांचा स्वतःचा हवा आणि त्याची झळ त्यांना बसणारी हवी. त्यांना दोन वेगळ्या सुरुवातींपासून, मध्ये आठवडाभर जाऊ देऊन, दोनदा बसवा. दोन्ही वेळा ते जवळपास एकाच ठिकाणी येतात का बघा. शेवटचं बटण दाबल्यावर लगेच विचारा: का थांबलात? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, पाचपैकी किती गुण असल्या भानगडीत पडू नका. आणि माणसांबरोबरचा अभ्यास म्हणून एथिक्स कमिटीची परवानगी लागते का, हे गाइडना पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा.